मोडीत निघालेली अठरा कॅरटची अंगठी: गुजरीतलं एक प्रकरण

पिवळ्या सोन्याचं कडं, त्यावर पांढऱ्या सोन्याची चौकोनी प्लेट, प्लेटच्या मधोमध एक हिरा आणि दोन्ही खांद्यांवर तीन-तीन बारीक खडे. अंगठी कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या एका घरातली. घरच्यांच्या सांगण्यानुसार आजीच्या लग्नात, १९५४ साली, मुंबईहून आणलेली. आता ती नातसुनेला घालायची होती. अंगठीचं माप १२, नातसुनेच्या बोटाचं १६.

माप वाढवायला गुजरीतल्या, म्हणजे तिथल्या सराफ बाजारातल्या, एका दुकानात नेली, तर उत्तर मिळालं, "ताई, सोनं चौदाचं आहे. खडे जरकन वाटतात, जुनी अंगठी आहे, ज्योत सोसेल याची खात्री नाही. मोडीत द्या आणि नवी करून घ्या." सोनं चौदा कॅरट धरून मोडीचा आकडाही सांगितला गेला. सासूबाईंना तो पटला नाही. त्यांच्या आठवणीत अंगठी अठरा कॅरटची आणि हिरा अर्ध्या कॅरटचा (सोन्याचा कॅरट म्हणजे शुद्धता, हिऱ्याचा म्हणजे वजन) होता.

तपासात दुकानदार सोन्याच्या बाबतीत चुकले, खड्यांच्या बाबतीत थोडे बरोबर निघाले, आणि ज्योतीची त्यांची भीती अगदी योग्य निघाली, फक्त तिचं खरं कारण त्यांना दिसलं नव्हतं. सासूबाई सोन्याच्या कॅरटच्या बाबतीत बरोबर होत्या, हिऱ्याच्या वजनाच्या बाबतीत नाही.

सुरुवात कागदापासून. अंगठी कुणाच्याही हातात द्यायच्या आधी चारी बाजूंनी फोटो, आतल्या शिक्क्याचा जवळून फोटो, तीन दशांशांपर्यंत वजन आणि प्रत्येक खड्याची जागा दाखवणारं साधं रेखाटन. वजन भरलं ४.२६० ग्रॅम. पावतीवर "एक हिऱ्याची अंगठी" एवढंच लिहून घेणं म्हणजे काहीच न लिहिणं. खडे किती, कुठे, मधल्या खड्याचा व्यास किती, एवढं तरी हवंच. नंतर खडा बदलल्याचा वाद झाला तर हाच कागद उपयोगी पडतो.

मग धुणं. कोमट पाण्यात रिठा किंवा भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, वीस मिनिटं भिजवून मऊ ब्रशने मागच्या बाजूने घासायचं. प्लेटच्या खाली वर्षानुवर्षांचं साबण, तेल आणि कुंकू साचतं आणि हिरा मेलेला दिसतो. खडे घट्ट आहेत की नाहीत हे पाहिल्याशिवाय अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये टाकायचं नाही. कंपनाने सैल खडा सुटतो आणि तळाच्या गाळात जातो.

धुतल्यावर दहापट भिंगाखाली प्लेट पाहिली. १९४०-५० च्या दशकांत लहान हिरा मोठा दिसावा म्हणून ही बैठक फार चालायची. पांढऱ्या धातूच्या पत्र्यात हिऱ्याभोवती छोटे तिरके काप घेतात. हे काप आरशासारखे चकाकतात आणि हिऱ्याचीच बाजू असल्याचा भास होतो. या अंगठीत प्लेटची रुंदी साडेपाच मिलिमीटर, आत हिरा ४.२ मिलिमीटर, धातूच्या चार दाण्यांनी धरलेला. एक दाणा झिजून जवळजवळ सपाट झालेला, आणि त्याच्याच खाली हिऱ्याच्या कडेला नखाच्या कोरीएवढा टवका. सासूबाईंचा "अर्धा कॅरट" प्लेटच्या या कामातूनच आला होता. गोल हिरा अर्ध्या कॅरटचा असेल तर त्याचा व्यास सव्वापाच मिलिमीटरच्या आसपास असतो.

हिरा न काढता वजनाचा अंदाज सूत्राने निघतो: व्यासाचा वर्ग गुणिले खोली गुणिले ०.००६१. मागच्या बाजूने मापकाने खोली आली २.६ मिलिमीटर, म्हणजे वजन सुमारे ०.२८ कॅरट. कडेचा काही भाग दाण्यांखाली झाकलेला असल्याने दहा टक्क्यांपर्यंत चूक धरायला हवी. वरचा सपाट पैलू आजच्या हिऱ्यांपेक्षा लहान, वरचा भाग उंच, आणि वरून पाहिलं की तळाशी छोटा गोल ठिपका दिसतो, कारण जुन्या कापात टोक सपाट ठेवत. जुन्या युरोपीय कापाकडून आजच्या ब्रिलियंट कापाकडे जातानाच्या काळातला हा कट. रंगाला किंचित पिवळट झाक.

मधला खडा हिराच आहे याबद्दल भिंगानेच जवळजवळ खात्री झाली. पैलूंच्या कडा सत्तर वर्षं वापरूनही धारदार होत्या, आणि तिरकं पाहिल्यावर मागच्या पैलूंच्या रेषा दुहेरी दिसत नव्हत्या. जुना पांढरा झिरकॉन असता तर रेषा दुहेरी दिसल्या असत्या आणि कडा घासलेल्या असत्या. मग खड्यातून उष्णता किती झपाट्याने वाहते ते पाहणारा उष्णता-टेस्टर लावला. त्यानेही हिरा म्हटलं. टेस्टर मॉइसनाइटलाही, म्हणजे हिऱ्यासारख्या दिसणाऱ्या एका कृत्रिम खड्यालाही, हिरा म्हणतो, पण मॉइसनाइट दागिन्यांत १९९० च्या दशकाच्या अखेरीस आला, आणि प्रयोगशाळेतला रत्न-प्रतीचा हिरा १९७० च्या आधी नव्हताच. मूळ बैठकीत मूळ खडा असेल तर या दोन्ही शंका सुटतात. तो मूळ आहे हे बैठकीवरून कळलं: दाण्यांच्या झिजेच्या खुणा हिऱ्याच्या कडेशी जुळत होत्या आणि दाणे पुन्हा उचलल्याची एकही ओरखडी नव्हती.

खांद्यावरच्या सहा बारीक खड्यांवर टेस्टर वापरताना जास्त काळजी लागते. खडे दीड मिलिमीटरचे. टोक जरा सरकलं की धातूला लागतं आणि वाचन बिघडतं. प्रत्येक खड्यावर तीनदा, मधे अंगठी थंड होऊ देऊन. पाच खडे हिरे निघाले. त्यांचा कट साधा, सिंगल कट: आजच्या सत्तावन-अठ्ठावन पैलूंऐवजी सतरा-अठरा पैलू. सहावा, डाव्या खांद्यावरचा आतला, वाजला नाही. भिंगाखाली त्याच्या कडा गोलसर झालेल्या, चमकेत इंद्रधनुष्याचे रंग जरा जास्तच. हा क्यूबिक झिरकोनिया, बोलीभाषेत जरकन म्हणतात तो कृत्रिम खडा. तो बाजारात १९७६ च्या सुमारास आला, म्हणजे हा खडा त्यानंतर कधीतरी बसवलेला. दुकानदारांनी बहुधा पहिला याच खड्यावर टेस्टर लावला आणि सगळ्यांना जरकन ठरवून टाकलं.

आता सोनं, म्हणजे या प्रकरणाचा खरा गाभा. दुकानदारांनी कसोटीवर (काळ्या दगडावर सोन्याची रेघ ओढून) कस लावला होता तो कड्याच्या तळाशी, बोटाच्या आतल्या बाजूला. सगळेच सोनार तिथे लावतात, ओरखडा दिसत नाही म्हणून. पण माप वाढवताना तुकडाही तिथेच घालतात, सांधा दिसत नाही म्हणून. त्यामुळे जुन्या अंगठीवर कसाची रेघ मूळ सोन्याच्या ऐवजी कुणीतरी नंतर घातलेल्या तुकड्याची निघण्याची शक्यता मोठी असते. भिंगाखाली तळाशी दोन आडव्या रेषा दिसल्या, मधला पट्टा रंगाने किंचित लालसर, लांबी पाच मिलिमीटर.

हॉलमार्किंग केंद्रात एक्सआरएफवर, म्हणजे क्ष-किरणांनी धातू ओळखणाऱ्या यंत्रावर, पाच जागा तपासून घेतल्या. कड्याच्या उजव्या बाजूला ७५.१ टक्के सोनं, डाव्या बाजूला ७४.८. तळाच्या तुकड्यावर ५८.४. वरच्या पांढऱ्या प्लेटवर ७४.६, सोबत निकेल. प्लॅटिनम नाही, वर रोडियमचा पांढरा मुलामाही नाही. पाचवी जागा डाव्या खांद्याचा सांधा, झिरकोनियाच्या अगदी शेजारी. तिथे पडद्यावर कथील आणि शिसं आलं.

एक्सआरएफ यंत्र पृष्ठभागाचा फारच पातळ थर वाचतं आणि किरणाचा ठिपका एक-दोन मिलिमीटरचा असतो. एकाच जागेचं वाचन घेऊन अख्ख्या अंगठीचा निकाल लावता येत नाही. केंद्रातला माणूस एकच वाचन घेऊन चिठ्ठी देत असेल, तर जागा दाखवून आणखी मागावीत. आतल्या शिक्क्यातही १८ चा आकडा पुसट का होईना वाचता येत होता. तो कड्याच्या बाजूच्या भागावर होता, तळाला नव्हता, म्हणून माप वाढवण्यात वाचला.

५८.४ हा आकडाही बोलका आहे. चौदा कॅरट म्हणजे ५८.५ टक्के. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले आणि चौदा कॅरटपेक्षा चोख सोन्याचे नवे दागिने घडवायला बंदी आली. मोरारजी देसाई तेव्हा अर्थमंत्री होते. त्या काळात पेढ्यांवर चौदाचं सोनं हाताशी असायचं. हा तुकडा त्याच काळातला असावा असं मानायला जागा आहे, खात्री मात्र धातूवरून देता येत नाही. कुणी स्वस्तात भागवण्यासाठीही हलकं सोनं घातलेलं असू शकतं.

हिशेब असा. सर्व खड्यांचं वजन सुमारे ०.३७ कॅरट, म्हणजे ०.०७४ ग्रॅम. धातू राहिला ४.१८६ ग्रॅम. सगळा चौदाचा धरला तर चोख सोनं २.४५ ग्रॅम. प्रत्यक्षात ०.१७ ग्रॅमचा तुकडाच चौदाचा, बाकी जवळपास पंच्याहत्तर टक्के, म्हणजे चोख ३.१ ग्रॅमच्या घरात. साधारण ०.६५ ग्रॅम चोख सोन्याचा फरक एका रेघेने पडला, मोडीची घट आणखी वेगळी. यात फसवण्याचा हेतू शोधायचं कारण नाही. गुजरीत रोजचं काम बावीस कॅरटचं: साज, ठुशी, चिंचपेट्या, पाटल्या. पांढऱ्या प्लेटची, अठरा कॅरटची जुनी अंगठी क्वचित येते आणि सवयीची तपासणी तिथे कमी पडते.

आता ज्योत. अंगठीवर दोन जुन्या दुरुस्त्या होत्या आणि दुसरी पहिलीमुळे झालेली दिसत होती. तळाला पाच मिलिमीटरचा तुकडा घालताना कडं ताणून उघडलं, खांदे बाहेर ढकलले गेले, वरची प्लेट मात्र तशीच सपाट राहिली. निकेलचं पांढरं सोनं कडक असतं. कायम ताणात राहिलं आणि त्यात ब्लीचिंगसारखं क्लोरीन लागत राहिलं की त्याला बारीक तडे जातात. डाव्या खांद्याच्या सांध्यात असाच तडा गेला, शेजारचा हिरा सैल होऊन पडला. नंतर कुणीतरी त्या जागी झिरकोनिया बसवला आणि तडा कथलाने झाळला, म्हणजे कथील वितळवून सांधला. कथलाला उष्णता थोडी लागते, खडा तडकण्याची भीती नाही, काम दहा मिनिटांत होतं.

पण सोन्याच्या दागिन्यात कथील-शिशाचा झाळ म्हणजे पुढच्या सोनारासाठी सापळा. साठ-चाळीस प्रमाणाचं असं मिश्रण १८३ अंश सेल्सिअसपासून वितळायला लागतं. सोन्याची झाळ सातशे-आठशे अंशांची. ज्योत तळाला लावली तरी एवढ्याशा अंगठीत खांदा १८३ अंश ओलांडायला वेळ लागत नाही. वितळलेलं शिसं सोन्यात उतरतं, सोनं ठिसूळ होतं, खड्डे पडतात आणि ते खड्डे पॉलिशने जात नाहीत, उलट खोल होतात. कुणी तळाला नेहमीसारखी ज्योत लावली असती, तर डावा खांदा गेलाच असता आणि दोष "जुनं सोनं" म्हणून अंगठीला लागला असता.

कथील भिंगाखाली ओळखायला सोपं आहे: राखाडी, मळकट, सुईचं टोक ओढलं की मऊ लागतं आणि चकचकीत रेघ उठते. जुन्या दागिन्याला ज्योत लावण्याआधी प्रत्येक सांध्यावर ही सुई फिरवायलाच हवी.

दुरुस्तीचा क्रम त्यामुळे उलटा ठरला. मापाला शेवटी हात लावायचा होता.

पहिल्यांदा झिरकोनिया काढला. मग खांद्यावरचं कथील थंडच खरवडून काढलं, बारीक कोरणीने आणि कानसेने, सोन्याचा स्वच्छ रंग दिसेपर्यंत. वितळवून पुसून टाकण्याचा मोह टाळायचा, कारण त्या उष्णतेतच शिसं आत जातं. आम्लाने काढण्याचे मार्ग आहेत, पण निकेलच्या पांढऱ्या सोन्याला मिठाचं आम्ल (हायड्रोक्लोरिक) नकोच, आणि नायट्रिकने चौदाच्या तुकड्याचा पृष्ठभाग बिघडू शकतो. खरवडल्यावर पुन्हा एक्सआरएफ. पहिल्या वेळी शिशाचा अंश अजून दिसत होता, तड्याच्या आत राहिलेला. तडा थोडा रुंद करून परत साफ केला, मग वाचन स्वच्छ आलं. इथे घाई केली असती तर पुढचं सगळं फुकट गेलं असतं.

तडा जोडायला लेसर वेल्डिंग निवडलं. ठिपक्याएवढ्या जागेत उष्णता, शेजारचे हिरे तसेच. अठरा कॅरटच्या पांढऱ्या सोन्याची पाव मिलिमीटरची तार भरून तडा बुजवला. लेसर म्हणजे जादू नव्हे: शिसं राहिलं असेल तर लेसरखालीही ते उडतं आणि वेल्डमध्ये छिद्रं पडतात. त्याच वेळी मधल्या हिऱ्याचा झिजलेला दाणा भरून घेतला. टवका त्याच दाण्याखाली येतो म्हणून दाणा किंचित मोठा ठेवला, दाबताना मात्र एका झटक्यात न दाबता थोडा-थोडा. टवक्यापाशी जोर पडला की हिरा तिथूनच फुटतो.

आता माप. भारतीय मापात एका नंबराला परिघात साधारण एक मिलिमीटर फरक पडतो. १२ वरून १६ म्हणजे चार मिलिमीटर वाढ, शिवाय पाच मिलिमीटरचा चौदाचा तुकडा काढून टाकायचा. म्हणून नऊ मिलिमीटरचा, २.६ रुंद आणि १.४ जाड, अर्धगोल तुकडा अठरा कॅरटच्या पिवळ्या सोन्याचा. वजन ०.४० ग्रॅम. हे सोनं रंग जुळवूनच घ्यावं. बावीसच्या झाळेने अठराचं काम केलं तर सांध्यावर गडद पिवळी रेघ कायमची दिसते. मशीनवर ताणून चार नंबर वाढवणं इथे बादच होतं. जुने सांधे फाटले असते आणि खांदे पुन्हा ताणले गेले असते.

खांद्यांवर परत ताण येऊ नये म्हणून कडं उघडताना प्लेटजवळ न वाकवता कड्याच्या बाजूंना, घड्याळातल्या चार आणि आठच्या जागी, हळूहळू वाकवलं. ज्योत लावण्याआधी वरचा सगळा भाग बोरिक पावडर आणि स्पिरिटच्या लेपात बुडवून स्पिरिट जाळून टाकलं. खड्यांवर पांढरा थर बसतो आणि हवा लागत नाही. हिरा उष्णता सोसतो, पण उघड्या हवेत सातशे-आठशे अंशांच्या पुढे त्याचा पृष्ठभाग जळून दुधट होतो आणि मग पुन्हा पैलू घासण्याखेरीज इलाज नसतो. डोक्याकडचा भाग उष्णतारोधक लेपात खुपसलेला. झाळल्यावर पाण्यात बुडवायचं नाही, तसंच थंड होऊ द्यायचं. अंतर्गत चीर असलेला हिरा अचानक थंड झाला तर चीर वाढते. मग पातळ गंधकाम्लात, तांब्याच्या चिमट्याने. लोखंडी चिमटा घातला तर तांबं अंगठीवर चढून लाली येते.

माप १६ ला नेल्यावर उजव्या खांद्यावरचा एक हिरा हलायला लागला. कड्याची गोलाई बदलली की खांद्याची बैठक केसाएवढी उघडते, मोठ्या वाढीत हे व्हायचंच. दाणे पुन्हा दाबून बसवले. माप वाढवल्यावर खडे न तपासता अंगठी परत देणारे पुष्कळ आहेत, आणि महिन्याभराने खडा पडला की दोष अंगठी घालणाऱ्यावर येतो.

झिरकोनियाच्या जागी दीड मिलिमीटरचा जुना सिंगल कट हिराच शोधला, मुंबईच्या झवेरी बाजारातल्या जुन्या मालातून. नवा पूर्ण पैलूंचा हिरा स्वस्त आणि लगेच मिळाला असता, पण पाच खडे शांत, मोठ्या ठिपक्यांनी चमकणारे आणि एक बारीक लुकलुकणारा, हे हातभर अंतरावरून कळतं.

पॉलिश फक्त नव्या तुकड्यावर आणि सांध्यांवर. शिक्क्यावर आधी टेप चिकटवली. कड्याची आतली बाजू पॉलिश पेपरने घासताना पहिला बळी शिक्क्याचा जातो. प्लेटला बफ (पॉलिशचं चाक) अजिबात लावला नाही. बफने तिरक्या कापांच्या कडा गोल होतात आणि हिरा एकदम ४.२ मिलिमीटरचा, म्हणजे आहे तेवढाच दिसायला लागतो. रोडियमचाही आग्रह झाला होता. तो नाकारला. मूळ अंगठीवर रोडियम नव्हता, निकेल सोन्याचा किंचित ऊबदार पांढरा रंग पिवळट झाकेच्या हिऱ्याला शोभतो. वर निळसर पांढरा मुलामा चढवला की हिरा आणखी पिवळा वाटतो. ज्यांना निकेलची खाज येते त्यांच्यासाठी मात्र रोडियम हा रास्त उपाय आहे, दर वर्ष-दीड वर्षाने परत करायच्या तयारीने.

अखेरचं वजन ४.४५ ग्रॅम. जुना तुकडा ०.१७ ग्रॅम मालकांना कागदात बांधून परत, कानसेची घट नोंदवलेली.

हॉलमार्क करून घ्यावा का, हा प्रश्न घरच्यांनी विचारलाच. घरात ठेवायच्या, वापरायच्या दागिन्याला ती सक्ती नाही. सक्ती विकणाऱ्या सराफाला, १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षरी एचयूआयडीसह, म्हणजे प्रत्येक दागिन्याच्या स्वतंत्र ओळख क्रमांकासह. या अंगठीत एक अडचण आहे. प्लेटचं वाचन ७४.६, आणि मानकात उणी सूट नाही. अठराच्या खाली मान्य दर्जा थेट चौदा. म्हणजे हट्टाने हॉलमार्क केला तर जवळजवळ अठरा असलेल्या अंगठीवर १४ चा शिक्का बसण्याची शक्यता, आणि पुढचा कोणीही सोनार तोच शिक्का धरून हिशेब करणार. त्यापेक्षा पाच जागांचं वाचन, नव्या तुकड्याची जागा आणि खड्यांचं रेखाटन असलेला कागद अंगठीच्या डबीत ठेवणं शहाणपणाचं.

विकायची वेळ आली तर अपेक्षा माफक ठेवावी. पाव कॅरटच्या आसपासचा, टवका असलेला जुना कट आणि सहा सिंगल कट यांना पेढीवर फारसं मोल मिळत नाही. मोडीत तर बारीक खडे बहुतेक वेळा शून्यच धरतात. जुने दागिने जुने म्हणून घेणारं गिऱ्हाईक कोल्हापुरात थोडं, मुंबई-पुण्यात जरा जास्त. हिऱ्याचं प्रमाणपत्र घ्यायचंच असेल तर जीआयए ही अमेरिकी रत्नसंस्था बसवलेल्या हिऱ्याला ग्रेडिंग रिपोर्ट देत नाही, हिरा काढावा लागतो. या हिऱ्यासाठी चार जुने दाणे उचलणं परवडणारं नाही. घालायची असेल तर भाकरीचं पीठ मळताना आणि ब्लीचिंगने फरशी पुसताना काढून ठेवावी, आणि सहा महिन्यांनी एकदा भिंगाखाली डावा खांदा व भरलेला दाणा पाहून घ्यावा.